जुन्या मारुतीचा ईसीएम: शोरूमचा नवा, जुन्या बाजारातला की आपलाच दुरुस्त?

आधी निकाल, मग कारणं. ईसीएम (इंजिनचा कारभार चालवणारी संगणकाची डबी) खरोखर गेला असेल तर पहिली पसंती आपलाच ईसीएम बेंचवर दुरुस्त करून घेण्याला. दुसरी, गाडीत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी व्यवस्था) नसेल तर, जुन्या बाजारातल्या त्याच नंबरच्या ईसीएमला. नवा मिळाला तर उत्तमच, पण बऱ्याचदा तो मिळत नाही, आणि मिळाला तर गाडीच्या उरलेल्या किमतीचा मोठा लचका तोडतो. ‘इमो ऑफ करून देतो’, म्हणजे इमोबिलायझरच काढून टाकतो, ही ऑफर शेवटच्या रांगेत.

या सगळ्यात अवघड शब्द आहे ‘खरोखर’. गॅरेजमध्ये मरण पावलेले अर्धेअधिक ईसीएम जिवंत असतात असं म्हटलं तर कुठलाही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन हसून मान डोलावेल.

हे परीक्षण सुझुकीच्या जुन्या पेट्रोल इंजिनांपुरतं आहे: 800 आणि अल्टोचं 796 सीसीचं, वॅगन आर आणि झेन एस्टिलोचं 1061 सीसीचं, झेनचं 993 सीसीचं, एस्टीमचं 1298 सीसीचं आणि जिप्सी किंगचं 1.3 लिटरचं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 एप्रिल 2000 पासून दिल्ली परिसरात युरो 2 दर्जाचे प्रदूषणाचे नियम आले. त्याच सुमारास या गाड्यांचे कार्बोरेटर गेले आणि डॅशबोर्डखाली एक ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची डबी आली. तीच आता वीस-पंचवीस वर्षांची झाली आहे.

आधी डबी निर्दोष धरा

चावी ऑन केल्यावर चेक लाइट लागतो का? ही पहिली चाचणी, आणि ती फुकट आहे. लाइट लागत असेल आणि पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबत असेल तर ईसीएमचा मेंदू जागा आहे. मग गाडी सुरू का होत नाही हे इग्निशन, सेन्सर आणि इंजेक्टरकडे शोधायचं. लाइटच लागत नसेल तर चार संशयित उरतात: बल्ब, सप्लाय, अर्थ आणि ईसीएम. तपासही याच क्रमाने करायचा.

ईसीएमला साधारण तीन वाटांनी 12 व्होल्ट मिळतात. एक थेट बॅटरीतून, स्मरणासाठी. दुसरी इग्निशन स्विचमधून. तिसरी मेन रिलेतून. इथे एक जुना सापळा आहे. काही मॉडेलमध्ये मेन रिले ईसीएमच अर्थ देऊन ओढतो. त्यामुळे ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) काढून मीटर लावला की रिलेच्या पिनवर काहीच येत नाही, आणि वायरमन ‘वायरिंग तुटलंय’ म्हणून डॅश उघडायला घेतो. अशा गाडीत रिले तपासायचा तो कपलर जोडलेला ठेवून, पाठीमागून बारीक पिन घालून.

नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका. एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरवरसुद्धा मीटर 12.4 दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. ईसीएमचा कपलर काढा आणि गाडीच्या बाजूच्या बॅटरी पिन व अर्थ पिन यांच्यामध्ये इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावा. तो पावणेदोन ॲम्पियरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर वाट साफ. पिवळट, मलूल पेटला तर फ्यूज होल्डर, कपलर किंवा अर्थचा नट यांपैकी काहीतरी खाल्लेलं आहे. हाच बल्ब ईसीएमच्या स्वतःच्या पिनांना मात्र कधीही लावू नये. आतल्या ड्रायव्हरला (इंजेक्टर, रिले चालू-बंद करणाऱ्या सर्किटला) तेवढा भार झेपेलच असं नाही.

अर्थची चाचणी सेल्फ मारताना करायची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनवर. सेल्फ फिरत असताना 0.1 व्होल्टच्या आत राहिलं पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ वायर इंजिनला जिथे बोल्टने बसते तो सांधा घासा. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यानंतर अर्थची पट्टी बसवायची राहून जाते, हे इतकं नेहमीचं आहे की गेल्या वर्षभरात गिअरबॉक्स उतरवला असेल तर सगळ्यात आधी तिथेच बघावं. पट्टी नसेल तर सेल्फचा शेकडो ॲम्पियरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट ईसीएमच्या बोर्डावरच्या केसाएवढ्या अर्थ ट्रॅकमधून गेली की ट्रॅक जळतो. तेव्हा खरंच ईसीएम जातो, आणि पट्टी न लावता नवा बसवला तर तोही जातो. सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली उतरत असेल तर आधी बॅटरी. कमी व्होल्टेजवर ईसीएम पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि लक्षणं हुबेहूब मेलेल्या डबीसारखी दिसतात.

आता 5 व्होल्टची गोष्ट. थ्रॉटल सेन्सर आणि मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) यांना ईसीएम 5 व्होल्ट पुरवतो (4.75 ते 5.25 चालतं). यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर उंदराने खाऊन बॉडीला टेकली, तर 5 व्होल्टची पूर्ण लाइन खाली बसते. काही ईसीएममध्ये तर चेक लाइटही विझतो, आणि सगळे म्हणतात, डबी गेली. सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. एखादा काढताच 5 व्होल्ट परत आले तर चोर सापडला.

स्कॅनरबद्दल एवढंच की बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ यंत्र यातल्या जुन्या गाड्यांशी बऱ्याचदा बोलतच नाही. त्यांची भाषा सुझुकीची स्वतःची आहे, सर्वसाधारण ओबीडी 2 (सगळ्या कंपन्यांची सामाईक भाषा) नव्हे. ‘कम्युनिकेशन एरर’ म्हणजे ‘ईसीएम खराब’ असा अर्थ लावणाऱ्यापासून दूर राहावं. या गाड्यांमध्ये मॉनिटर कपलरची (तपासणीसाठी दिलेल्या जोडाची) डायग्नोसिस पिन अर्थला जोडली की चेक लाइट स्वतःच मिचकावून कोड सांगतो. कुठल्या पिना जोडायच्या ते मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पक्कं करा. अंदाजाने तार खुपसू नका. एक मिचकावणं, थोडा थांबा, मग दोन, म्हणजे 12. हा दोष नाही, ‘सगळं ठीक’ असा निरोप आहे. 13 ऑक्सिजन सेन्सर, 14 आणि 15 पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, 21 आणि 22 थ्रॉटल, 24 स्पीड सेन्सर, 31 आणि 32 मॅप. प्रत्येक कोड तीनदा येतो. कोड व्यवस्थित मिचकावणारा ईसीएम पूर्ण निर्दोष असेलच असं नाही, कारण एखादा इंजेक्टर ड्रायव्हर जळलेला असू शकतो. पण तो मेलेला नक्कीच नाही.

सीएनजी असेल तर हा भाग दोनदा वाचा

महाराष्ट्रात या वयाच्या गाड्यांमध्ये सीएनजी किट सर्रास दिसतं. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं) बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मधे गॅसचा ईसीयू (गॅसची वेगळी संगणक-डबी) घालतात. गाडी गॅसवर असताना तो पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवतो आणि मूळ ईसीएमला खोटा भार दाखवतो. खोटा भार दाखवणारा हा भाग (इम्युलेटर) बिघडला की एक-दोन सिलिंडर पेट्रोलवर मिसिंग करतात आणि दोष मूळ ईसीएमवर येतो. जुन्या साध्या किटमध्ये ठिणगीची वेळ (टायमिंग) पुढे करणारी वेगळी डबी असते. तीही तितकीच संशयास्पद.

उपाय सोपा आहे. कापलेल्या वायरी शोधून किट बाजूला काढायचं आणि मूळ जोड थेट पूर्ववत करायचा, तोही सोल्डर करून आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवून. नुसती पिळून चिकटपट्टी मारलेला सांधा दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. किट पूर्ण बायपास करून गाडी तपासल्याशिवाय ईसीएमवर एक रुपयाही खर्च करू नका.

डबी का मेली?

हे न शोधता ईसीएम बदलणं म्हणजे फ्यूज का उडाला ते न बघता त्यात तार गुंडाळणं.

पाणी हे आपल्याकडचं पहिलं कारण. विंडशील्डचं कडक झालेलं रबर, वायपरखालच्या जाळीत साठलेला पाचोळा, एसीची तुंबलेली ड्रेन नळी. तिन्हींचं पाणी वायरिंगवरून ओघळत ईसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं. पिनांवर हिरवट थर दिसला की समजावं. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांना हा रोग जास्त.

उलटी बॅटरी हे दुसरं. जंप स्टार्टच्या वेळी केबल उलट लागली की बोर्डाच्या तोंडाशी असलेला संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन मरतो, आणि फ्यूजची जागा तारेने घेतलेली असेल तर त्याच्याबरोबर ट्रॅकही जळतो. बिघाडांमध्ये हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त दुरुस्त होणारा.

अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला की चार्जिंग 16–17 व्होल्टवर चढतं. हेडलाइटचे बल्ब पुन्हा पुन्हा उडत असतील तर हीच शंका घ्या. चार्जिंग 13.8 ते 14.5 च्या मधे आहे याची खात्री होईपर्यंत दुरुस्त डबी गाडीला जोडू नये.

त्यानंतर शॉर्ट झालेले भाग. या गाड्यांचे इंजेक्टर साधारण 11 ते 16 ओहमचे असतात. एखादा 4–5 ओहम दाखवत असेल तर ड्रायव्हर त्यानेच जाळला. बारीक पण महत्त्वाची गोष्ट: थंड असताना 13 आणि गरम झाल्यावर 6 असेही इंजेक्टर भेटतात, तेव्हा इंजिन गरम असतानाही मोजा. आयडल व्हॉल्व्हच्या (गाडी उभी असताना इंजिनाला हवा देणाऱ्या) कॉइललाही हाच नियम.

आणि पत्र्याचं काम. गंजलेला फ्लोअर वेल्डिंग करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढलंच पाहिजे, आणि शक्य असेल तर ईसीएमचा कपलरही.

दुरुस्तीची सेवा: साडेचार तारे, अटी लागू

इथे कारागीर महत्त्वाचा, दुकान नव्हे. चांगला माणूस डबी हातात घेताच उघडत नाही. आधी बेंचवर करंट मर्यादित केलेला 12 व्होल्टचा सप्लाय देतो. निरोगी ईसीएम भार न लावता अर्ध्या ॲम्पियरच्या आत ओढतो. सप्लाय लागताच दोन ॲम्पियर ओढत असेल तर तोंडाशी शॉर्ट, काहीच ओढत नसेल तर ट्रॅक किंवा डायोड तुटलेला. एवढ्यात निम्मं निदान झालेलं असतं.

वयोवृद्ध डब्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा आजार म्हणजे गळणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. अमेरिकेत 1990 च्या दशकातल्या सुझुकी साइडकिक आणि जिओ ट्रॅकर यांचे ईसीएम याच कारणासाठी बदनाम आहेत; त्याच काळातल्या मित्सुबिशी एक्लिप्सचंही तेच. कपॅसिटरच्या बुडातून झिरपलेला द्रव तांब्याचे ट्रॅक खातो. डबी उघडल्यावर शिळ्या मासळीसारखा वास आला आणि कपॅसिटरखालचा हिरवा लेप काळपट किंवा फुगलेला दिसला, तर मोजायचीही गरज नाही. लक्षणं मोठी फसवी असतात. गाडी सकाळी सुरू होत नाही, दुपारी ऊन लागल्यावर होते. किंवा याच्या उलट. आयडलिंग खालीवर होतं, चेक लाइट मलूल पेटतो. असा ‘कधी कधी’ येणारा दोष ओळखणारा कारागीर जपून ठेवावा.

कपॅसिटर बदलण्याची योग्य रीत अशी. जुन्याइतकाच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, आणि 105 अंश सेल्सिअसचाच. 85 अंशांचा दोन रुपयांनी स्वस्त मिळतो, पण डॅशबोर्डखाली मे महिन्यात तो लवकर दम सोडतो. दिशा उलटी झाली तर फुटतो. पाय उपटून काढायचे नाहीत. बोर्ड दुहेरी असेल तर भोकातली तांब्याची नळीही उपटली जाते आणि मग एका बाजूचा संपर्क तुटतो. सोल्डर शोषून घ्यायचं, मग पाय मोकळा करायचा. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा, खाल्लेला प्रत्येक ट्रॅक भिंगाखाली बघून सातत्य मोजायचं, तुटला असेल तर बारीक वायरीने जोडायचा. शेवटी संरक्षक लेप. हा शेवटचा टप्पा गाळणाऱ्याची दुरुस्ती एका पावसाळ्याची.

सुटे भाग महाग नसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चांगल्या कंपनीचे कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळतात. पैसे हाताचे आणि डोक्याचे घेतले जातात, आणि ते द्यावेत. साधी दुरुस्ती चार आकड्यांत होते. कोणी पाच आकडे सांगत असेल तर नेमका कुठला भाग बदलणार ते विचारा. ‘सगळा बोर्ड रीबिल्ड करतो’ हे उत्तर नव्हे.

देण्याआधी चार गोष्टी ठरवा. बदललेले भाग परत मिळतील का? बेंचवर चारही (796 सीसीची अल्टो किंवा 800 असेल तर तिन्ही) इंजेक्टरची पल्स चालू असताना दाखवाल का? डबी एखादा तास गरम करून तपासता का? वॉरंटी त्याच दोषापुरती की पूर्ण डबीची? शेवटच्या प्रश्नावर जो गुळमुळीत बोलतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि आपल्या बाजूने लक्षणं कागदावर लिहून द्या: गरम की थंड, पेट्रोल की गॅस, आधी कोणकोणती कामं झाली. ‘गाडी चालत नाही, बघा’ असं म्हणून दिलेल्या डबीवर कारागीर आंधळा काम करतो. कुरिअरने पाठवायची असेल तर पिनांवर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर बबल रॅप, मग खोका.

अर्धा तारा कमी का? काही डब्या दुरुस्त होतच नाहीत. प्रोसेसर मेला, किंवा बोर्ड सिरॅमिकचा असून जेलमध्ये बुडवलेला आणि त्यात केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा असतील, तर सोल्डरिंग आयर्नचं काम नाही. प्रामाणिक कारागीर अशी डबी उघडून परत करतो आणि फक्त तपासणीचे पैसे घेतो. तेही द्यावेत.

जुन्या बाजारातला: तीन तारे

कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचं मायापुरी. माल सगळीकडे आहे, आणि दर चार आकड्यांत. इमोबिलायझर नसलेल्या गाडीला हा पर्याय चांगला बसतो: त्याच नंबरचा आणा, कपलर लावा, चालवा.

गोम ‘त्याच नंबरचा’ या शब्दांत आहे. सुझुकीच्या ईसीएमवरच्या स्टिकरवर 33920 ने सुरू होणारा नंबर असतो. पुढचे आकडे आणि अक्षरंही तंतोतंत जुळली पाहिजेत. कपलर बसला म्हणजे ईसीएम जुळला असं नव्हे. भारत स्टेज 2 आणि 3 या प्रदूषण-मानकांमधला फरक, एसी असणं-नसणं, सेन्सरची संख्या यावरून आतला प्रोग्रॅम बदलतो. जवळपासच्या नंबरवर गाडी सुरू होईलही. मग एसी लावला की बंद पडेल, किंवा पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड जास्त येईल, आणि मेकॅनिक सहा महिने इंजेक्टर साफ करत बसेल. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेणाऱ्यांनी तर हा जुगार खेळूच नये.

दुसरा धोका पुराचा. 26 जुलै 2005 ला मुंबईत, 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात, 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेकांचा शेवटचा मुक्काम भंगार बाजारच. डबी हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. पिनांच्या मुळाशी बघा. पिनांची टोकं घासून चमकवता येतात, मुळं नाही. स्क्रूच्या खाचेत माती, केसच्या शिवणीत पांढरी पूड, स्टिकरच्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ दिसली तर डबी परत ठेवा. स्क्रूंवर आधी पाना लागलेला असेल तर ती कोणाची तरी फसलेली दुरुस्ती आहे असं धरा.

‘गाडीला लावून बघा, नाही चालला तर बदलून देऊ’ हा शब्द घेऊनच पैसे द्या, आणि दिवस ठरवून घ्या. आणि गाडीतला मूळ दोष काढल्याशिवाय लावून बघू नका. शॉर्ट इंजेक्टर असलेल्या गाडीत चांगला ईसीएम लावला तर तो पहिल्या सेल्फला जातो, आणि दुकानदार म्हणतो तुमच्या गाडीने मारला. तो खरंच बोलत असतो.

नवा: चांगला, पण

मिळाला तर वॉरंटीसह, नेमक्या नंबरचा. जुन्या मॉडेलला आता बऱ्याचदा ऑर्डर टाकून वाट बघावी लागते, किंवा नंबरच बंद झालेला असतो. रक्कम पाच आकडी. त्यात सुट्या भागांच्या काउंटरवर ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी ओळखीची आहे. म्हणून ‘नवा लावून बघू, फरक पडतो का’ हे निदान कोणी सुचवलं तर त्याला विचारा: नाही पडला तर पैसे कोणाचे?

इमोबिलायझर असेल तर खेळ बदलतो

2000 च्या दशकाच्या मध्यापासून मारुतीने ‘आयकॅट्स’ नावाची चोरीविरोधी व्यवस्था द्यायला सुरुवात केली. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये चिप, चावीच्या भोकाभोवती अँटेना, आणि चावीचा कोड ईसीएमशी जुळल्याशिवाय इंजिन सुरू राहत नाही. अशा गाडीत दुसरीकडचा ईसीएम नुसता लावला तर गाडी सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते, आणि डॅशवरचा दिवा मिचकावत राहतो. ईसीएम चांगला असतो. त्याला तुमची चावी ओळखीची नसते एवढंच.

इथे आपल्याच डबीची दुरुस्ती पुन्हा जिंकते, कारण चाव्यांची ओळख तिच्या आतच असते. दुरुस्ती अशक्य असेल तर दोन वाटा. कंपनीच्या स्कॅनरने नवीन ईसीएम आणि चाव्या रजिस्टर करून घेणं, ज्यासाठी सगळ्या चाव्या आणि गाडीची कागदपत्रं सोबत न्यावीत. किंवा क्लोनिंग, म्हणजे जुन्या ईसीएमची मेमरी वाचून तशाच हार्डवेअरच्या दुसऱ्या डबीत उतरवणं. क्लोनिंग नीट झालं तर गाडीला फरक कळतही नाही. अट एकच, जुन्या डबीतली मेमरी वाचता आली पाहिजे. म्हणून पाण्यात गेलेल्या डबीला गाडीवर पुन्हा पुन्हा सप्लाय देऊन ‘चालते का’ बघू नका, मेमरीही जाते. आणि क्लोनिंग करणाऱ्याकडून मूळ मेमरीची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या.

‘इमो ऑफ’ म्हणजे प्रोग्रॅममधूनच ही तपासणी काढून टाकणं. होतं पटकन, पैसे कमी. त्यानंतर गाडी पितळी चावीवरसुद्धा सुरू होते, म्हणजे तुमच्याच नव्हे तर कोणाच्याही. चोरी झालीच तर विम्याच्या दाव्याच्या वेळी हे बाहेर आलेलं परवडत नाही. आमच्याकडून एक तारा, आणि तो फक्त सगळ्या चाव्या हरवून आडगावी अडकलेल्या माणसासाठी.

स्विफ्ट डिझेलसारख्या 1.3 लिटर डिझेलवाल्यांनी वरचे आकडे वापरू नयेत. कॉमन रेलच्या इंजेक्टरना बॅटरीच्या कित्येक पट व्होल्टेज दिलं जातं; तिथे टेस्ट लॅम्प घेऊन जाणं धोक्याचं आहे आणि कारागीरही वेगळा लागतो.

बसवण्याचा दिवस

बॅटरीचं निगेटिव्ह काढून पाच मिनिटं थांबा. या गाड्यांमध्ये डबी बहुधा डॅशबोर्डखाली असते. पुढे ग्लव्ह बॉक्स असेल तर तो उतरवा, 10 नंबरचा पाना लागतो. कपलर काढताना वायरी ओढू नका, लॉक दाबा. गाडीच्या बाजूच्या कपलरमधली प्रत्येक पिन बघा: मीटरचं जाड टोक खुपसून पसरवलेली पिन हा ‘खड्ड्यात गेलं की बंद पडते’ या तक्रारीचा बाप आहे. त्याच मापाची सुटी नर पिन प्रत्येक भोकात घालून बघा. घट्ट लागली पाहिजे. सैल लागली तर ती पिन बदला. साफसफाईला कॉन्टॅक्ट क्लीनर, पॉलिश पेपर नको. तो पिनांचा मुलामा खरवडतो.

डबीला हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या धातूला हात टेकवा. कपलर लॉकचा आवाज येईपर्यंत दाबा. बॅटरी जोडा, चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक लाइट, पंपाचा आवाज, रिलेची टिकटिक. दोन मिनिटांनी डबीला हात लावा: कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बॅटरी काढा. मग 5 व्होल्ट मोजा. मग सेल्फ.

सुरू झाल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं आयडलिंग थोडं खालीवर होईल. नवीन डबी आयडल व्हॉल्व्हची जागा शिकत असते. लगेच स्क्रू फिरवायला जाऊ नका. इंजिन पूर्ण गरम झालं, फॅन दोनदा लागून बंद झाला, एसी लावून पाहिला, की मग कोड बघा. जिप्सीसारख्या डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत टायमिंग लाइट लावून टायमिंग तपासा, आणि ते मॅन्युअलमध्ये सांगितलेली मॉनिटर कपलरची पिन अर्थ करूनच. नाहीतर ईसीएम स्वतः टायमिंग हलवत राहतो आणि तुम्ही हलत्या खुणेचा पाठलाग करत बसता.

डबी स्क्रूने जागेवर घट्ट बसवा, लोंबकळत ठेवू नका, आणि कपलरच्या अलीकडे वायरिंगला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळून आलेलं पाणी पिनांपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी टपकेल. जुनी डबी दुकानात ‘एक्स्चेंज’ म्हणून सोडून येऊ नका. तिच्यात तुमच्या चाव्यांची ओळख आहे, आणि उद्या लागलाच तर तोच एकमेव बरोबर नंबरचा बोर्ड आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख आणि सापडलेला दोष लिहून, घरात कोरड्या जागी ठेवा.